बाजाराची वाट: मुंबईची ट्राम व मेडशीचा रस्ता

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या हेंच चित्र बहुधा आपल्यापुढें उभें राहतें. ज्या रस्त्यावरून सैन्य गेलें त्याची नोंद बखरकार करतो. पण त्याच रस्त्यावरून दर आठवड्यास डोक्यावर पाटी घेऊन बाजारास गेलेल्या बाईची नोंद कोणी केलेली आढळत नाहीं. वास्तविक पाहतां समाजाच्या नित्याच्या जीवनावर तहांपेक्षां बाजाराचा परिणाम अधिक होतो; आणि बाजार कोणास गांठतां येतो व कोणास येत नाहीं, हें पुष्कळ अंशीं वाहनावर ठरतें. मनुष्य बाजारापर्यंत कसा पोंचला, ह्या साध्या प्रश्नाचा इतिहास लिहूं गेल्यास त्यांत राज्यव्यवस्था, व्यापार, जातिभेद आणि कुटुंबांतील स्त्रियांचें स्थान हे सारे विषय आपोआप येऊन मिळतात. प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच प्रश्न हातीं घेतला आहे, व त्याच्या विचारासाठीं दोन स्थळें निवडलीं आहेत. एक मुंबई, दुसरें वऱ्हाडांतील मेडशी.

मेडशी हें नांव महाराष्ट्रांतील पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल. वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील हें गांव अकोल्याहून वाशीमास जाणाऱ्या हमरस्त्यावर, पातूर व मालेगांव यांच्या दरम्यान वसलेलें आहे. नाशिककडील मालेगांव निराळें, हें वऱ्हाडांतलें. मेडशीस आगगाडी नाहीं. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारी रेल्वे गांवाला बाजूस टाकून निघून जाते. तेव्हां ह्या गांवाचा बाहेरच्या जगाशीं जो संबंध आहे तो सर्वस्वीं रस्त्याचा आहे. अशा गांवाची व मुंबईसारख्या महानगराची सांगड घालण्यांत प्रथमदर्शनीं कांहींसा विक्षेप वाटेल. परंतु एकाच तत्त्वाचीं दोन टोकें पाहिल्याशिवाय तें तत्त्व नीट ध्यानांत येत नाहीं, अशी आमची समजूत आहे.

खेड्यांतील आठवडी बाजाराचें एक वैशिष्ट्य असें कीं, तेथें गिऱ्हाईक फारसें हलत नाहीं. बाजारच फिरत असतो. आज एका गांवीं पाल ठोकणारा कापडवाला उद्यां दुसऱ्या गांवीं आणि परवां तिसऱ्या गांवीं जातो. मसालेवाली, कासार, चपलांचा व्यापारी हे सारे वारांच्या चाकावर फिरत असतात. गिऱ्हाइकानें आठवडाभर वाट पाहावी आणि व्यापाऱ्यानें आठवडाभर वाट चालावी, असा हा फार जुना करार आहे. शहरांत हा करार उलटा होतो. तेथें दुकान पक्क्या भिंतींचें, गादी पिढीजात, माल रोजचा. तेव्हां दुकान जागचें हलणार नाहीं, गिऱ्हाइकानेंच रोज आलें पाहिजे. शहराच्या बाजारपेठेस इमारतीइतकीच वाहनाची गरज असते ती ह्यामुळें. शहर लहान असेपर्यंत मनुष्याचे पायच तें काम करतात. शहर वाढलें म्हणजे पाय अपुरे पडतात, आणि सार्वजनिक वाहनाचा प्रश्न उभा राहतो.

मुंबईस तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां शहरांत ट्राम नव्हती. श्रीमंतांच्या बग्ग्या, शिग्राम व पालख्या, मध्यम स्थितीच्या लोकांस बैलांचे रेकले, आणि बाकी साऱ्यांस स्वतःचे पाय, अशी वाहनांची विभागणी होती. कोटांत सरकारी कचेऱ्या व मोठमोठ्या पेढ्या. कोटाबाहेर मोकळें मैदान. आणि मैदानापलीकडे काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी, मांडवी ही एतद्देशीयांची दाट वस्ती. कापड, धान्य, मसाले, सोनें, भांडीं ह्यांचे बाजार ह्या दाट वस्तींत होते, आणि व्यापारी बहुधा दुकानावरच्या माडींतच राहत. घर व बाजार यांच्यामध्यें जिन्याचें अंतर होतें. १८७२ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या सुमारें ६ लक्ष ४४ हजार भरली. इतक्या लोकांना जिन्यानें बाजारांत उतरतां येणें अर्थातच शक्य नव्हतें.

ह्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या, आणि १८६९ सालीं मैदान व जुनी वस्ती यांच्या सीमेवर क्रॉफर्ड मार्केट उभें राहिलें. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें नांव त्यास दिलें गेलें. इमारतीचा आराखडा विल्यम एमर्सन यांचा, आणि दर्शनी भागावरील कोरीव काम लॉकवुड किप्लिंग यांचें. पुढें ह्या मंडईस महात्मा जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. तथापि लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें आहे. भाजी, फळें, मांस, मासळी हे जिन्नस एका छपराखालीं, वजनामापाच्या देखरेखीनें विकले जावे, हा ह्या मंडईचा उद्देश. ह्या मंडईचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण मुंबईच्या सार्वजनिक वाहनांच्या इतिहासांत तें पुन्हां पुन्हां येणार आहे.

मुंबईंत ट्राम घालण्याची कल्पना मूळ एका अमेरिकन कंपनीची. स्टर्न्स आणि किट्रेज नांवाच्या ह्या कंपनीनें १८६५ सालीं घोड्यांच्या ट्रामसाठीं परवाना मागितला व तो तिला मिळालाहि. परंतु तें साल मुंबईच्या इतिहासांत कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता, व हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६५ सालीं यादवी संपली, भाव कोसळले, आणि शेअरांच्या सट्ट्यावर उभारलेले मुंबईचे मनोरे एकामागून एक ढांसळले. ह्या मंदींत ट्रामची योजना कागदावरच राहिली. पुढें १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि ता. ९ मे १८७४ रोजीं मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची पहिली ट्राम धांवली.

तिचे आरंभींचे मार्ग दोन होते. एक कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत; दुसरा बोरीबंदरापासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. हे मार्ग नकाशावर पाहिले म्हणजे ट्राम कोणासाठीं निघाली हें निराळें सांगावें लागत नाहीं. कुलाब्यास त्या काळीं कापसाचा बाजार भरत असे. १८४४ सालीं तो कोटांतून तेथें नेण्यांत आला होता. बोरीबंदर हें आगगाडीचें ठाणें. आणि दोन्ही मार्ग जेथें मिळतात तें पायधुणी म्हणजे देशी व्यापाराचें नाक. पूर्वीं येथें भरतीचें पाणी येई व पांथस्थ पाय धुवून पुढें जात, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. ज्या जागीं मनुष्य पाय धुण्यास थांबे, त्याच जागीं आतां पाय न मळतां पोंचण्याची सोय झाली.

येथें वऱ्हाडचा संबंध सहज लक्षांत येतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. खामगांवच्या कापूसबाजारास मुख्य मार्गाशीं जोडणारा फांटा १८७० सालीं सुरू झाला. पातूर-मेडशीकडच्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस बंडींतून अकोल्यास, अकोल्याहून आगगाडीनें मुंबईस आणि तेथून कुलाब्याच्या वखारींत, असा प्रवास करूं लागला. म्हणजे वऱ्हाडांतल्या कापसाच्या वाटेचें एक टोक शेतकऱ्याच्या बांधावर होतें, तर दुसरें ट्रामच्या पहिल्या थांब्यापाशीं. आम्हांस ह्यांत एक गोष्ट विशेष बोंचते. कापसाला आगगाडी मिळाली तेव्हां तो पिकविणाऱ्यास अजून बंडीच होती. मालाची वाट आधीं झाली, माणसाची मागाहून. आणि ती किती मागाहून झाली हें पुढें दिसून येईल.

पहिल्या ट्रामचें भाडें तीन आणे होतें व तिकीट मुळींच देत नसत. लोकांची गर्दी होऊं लागल्यावर भाडें दोन आण्यांवर आणलें गेलें; आणि फुकट्या उतारूंना आळा घालण्यासाठीं त्याच वर्षीं तिकिटेंहि सुरू झालीं. ह्या घटना क्षुल्लक दिसतात, परंतु त्यांत मोठें सामाजिक स्थित्यंतर दडलेलें आहे. भाड्याच्या गाडीचें भाडें ठरवावें लागतें. ठरवितांना गाडीवान उतारूचा पोशाख पाहतो, घाई पाहतो, तो परगांवचा आहे कीं काय हें पाहतो, आणि त्याप्रमाणें तोंडास येईल तो आंकडा सांगतो. घासाघीस करण्याचें धैर्य ज्यास नाहीं त्यानें एक तर अधिक द्यावें, नाहीं तर पायीं जावें. ट्रामनें ही घासाघीस काढून टाकली. मार्ग ठरलेला, भाडें ठरलेलें आणि तें सर्वांस सारखें. खेड्यांतून कालच आलेला गडी व कोटांतला कारकून यांच्यांत ट्रामच्या कंडक्टरापुढें भेद उरला नाहीं. बाजारांतील जिन्नसांचे भाव लावण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ उशिरां आली. बाजारास जाण्याचा भाव मात्र १८७४ सालींच लागला होता.

ठरलेल्या भाड्यापेक्षांहि महत्त्वाची दुसरी एक गोष्ट आहे. भाड्याच्या गाडीवाल्यास उतारू नाकारतां येतो. आपल्या समाजांत ह्या नकाराचा अर्थ काय होता, हें एका प्रसंगावरून समजेल. १९२९ सालीं मुंबई सरकारनें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशांत गेले होते. चाळीसगांव स्टेशनावर उतरल्यावर तेथील दलित मंडळींनीं त्यांस आपल्या वस्तींत नेण्याचा आग्रह केला. पण त्यांना बसवून टांगा हांकण्यास एकहि टांगेवाला कबूल होईना. शेवटीं टांगा तेवढा मिळाला, टांगेवाला नाहीं. वस्तींतल्याच एका अननुभवी माणसानें तो हांकला. वाटेंत पुलावर अपघात झाला, डॉ. आंबेडकर दगडी फरसबंदीवर फेंकले गेले व त्यांच्या पायाचें हाड मोडलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या, कायद्याच्या पंडितास भरल्या खिशानें जें वाहन मिळूं शकलें नाहीं, तें त्याच काळीं मुंबईंत कोणाहि गिरणीमजुरास ट्रामच्या थांब्यावर उभें राहून मिळत होतें. ट्रामनें जातिभेद मोडला असें आम्ही म्हणत नाहीं. तो वाहनानें मोडण्याइतका तकलादू नाहीं. परंतु कंडक्टरास उतारूचा आणा पाहण्याचा अधिकार होता, जात विचारण्याचा नव्हता. सार्वजनिक वाहनाचें खरें थोरपण त्याच्या वेगांत नसून ह्या नियमांत आहे.

आतां विजेकडे वळूं. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. पण तें काम घेणारी कंपनी वर्षभरांतच बुडाली. पुढें १९०५ सालीं वीज व ट्राम ह्या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हातीं आल्या. तीच पुढें 'बेस्ट' ह्या आद्याक्षरांनीं घरोघरीं माहीत झाली. ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची पहिली ट्राम म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून निघाली, ती क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. घोडा गेला, वीज आली. पण पहिल्या फेरींत मंडई होतीच. १९२० सालीं दुमजली ट्राम सुरू झाली. त्यानंतर ता. १५ जुलै १९२६ रोजीं मुंबईंतील पहिली मोटारबस निघाली, ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. १८७४, १९०७ व १९२६ ह्या तिन्ही आरंभांच्या वेळीं नव्या वाहनानें एकाच मंडईचा उंबरठा गांठावा, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाहीं. नवें वाहन सुरू करणारा व्यापारी असतो, आणि जेथें माणसें आधींच जातात तेथें गाडी न्यावी हें त्याला कळतें. सार्वजनिक वाहनांच्या पहिल्या अवस्थेंत बाजार पुढें असतो व वाहन त्याच्यामागून जातें.

बसच्या आरंभकाळीं एक चमत्कारिक भेद दिसून आला. बस ही सुखवस्तु लोकांची आणि ट्राम गरिबांची, असें लोक मानूं लागले. ट्राम गिरण्यांपाशीं व बाजारांत थेट नेऊन पोंचवीत असे. बसहि पुष्कळशी त्याच बाजारांवरून जात असे. तरी सामान्य मनुष्य बसमध्यें चढण्यास बिचकत असे. पहिल्या साडेपांच महिन्यांत, म्हणजे १९२६ अखेरपर्यंत, सुमारें ६ लक्ष उतारूंनीं बसचा लाभ घेतला. पुढच्या वर्षीं हा आंकडा ३८ लक्षांच्या घरांत गेला. भाडीं कमी करावीं म्हणून कंपनीकडे मागणी झाली, भाडीं उतरलीं, आणि गर्दी वाढली. १९३४ सालीं बस शहराच्या उत्तर भागांत पोंचली व १९३७ सालीं दुमजली बस आली. बिचकणारा मनुष्य धीट झाला त्यांत उपदेशाचा वांटा थोडा, उतरलेल्या भाड्याचा मोठा.

उत्तर भागाचें नांव निघालें म्हणजे दादरचा विचार आलाच. येथें वाहन व बाजार यांचें नातें उलटतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट वस्ती मोकळी करणें, रस्ते रुंद करणें व नवीन वस्त्या वसविणें ह्यासाठीं १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दादर, माटुंगा व शीव येथील मोकळ्या जमिनी आंखून दिल्या. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनीं गिरगांवच्या चाळी सोडून तिकडे बिऱ्हाडें थाटलीं, त्यांस कचेरी दूर झाली व बाजारहि दूर झाला. पण ट्राम दादरपर्यंत जात होती. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला ह्या हार्बर मार्गावर विजेची आगगाडी सुरू झाली व तीन वर्षांत पश्चिमेकडील लोहमार्गावरहि वीज खेळूं लागली. दोन्ही लोहमार्गांचीं स्थानकें दादर येथें जवळजवळ असल्यानें ही जागा हजारों माणसांची रोजची वाट झाली. जेथें हजारों माणसें रोज उतरतात तेथें आधीं भाजीची पाटी येते, मग फुलांची टोपली, मग कापडाचें दुकान. आज दादरचा फुलबाजार व रानडे रस्त्यावरचीं दुकानें ठाऊक नाहींत असें मराठी कुटुंब मुंबईंत विरळाच. हा बाजार कोणा राजानें वा शेठानें वसविला नाहीं. तो गाडींतून उतरणाऱ्या माणसांनीं वसविला. पूर्वेकडील चौकास लोक अद्याप 'दादर टी. टी.' म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्रामचें शेवटचें ठाणें. ट्राम जाऊन साठ वर्षें उलटलीं. बसचा कंडक्टर अजून त्याच नांवानें हांक देतो.

ह्या बदलाचा कुटुंबव्यवस्थेवर काय परिणाम झाला, हा मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. जोंपर्यंत बाजारास जाण्यास गाडी ठरवावी लागे, तोंपर्यंत बाजार हें पुरुषाचें काम होतें. गाडीवानाशीं हुज्जत घालणें, अंधार पडण्यापूर्वीं परत येणें, वाटेंत कोणी ओळखीचें भेटल्यास जाब देणें, ह्या साऱ्या अडचणींतून घरांतील स्त्रीनें जाण्यापेक्षां यादी देऊन घरींच राहणें तिला सोयीचें वाटे. किंवा तसें वाटून घेणें भाग पडे. ठरलेल्या भाड्याच्या व ठरलेल्या मार्गाच्या गाडीनें ह्या अडचणींपैकीं निदान पहिल्या दोन दूर केल्या. ज्या बाईस किती आणे लागतील व किती वेळ लागेल हें आधीं कळतें, तिला कोणाची सोबत मागावी लागत नाहीं. मुलींच्या शाळांनीं स्त्रियांस घराबाहेर काढलें असें आपण म्हणतों, व तें खरेंहि आहे. परंतु शाळेंत शिकून झालेल्या स्त्रीस पुढें बाहेर पडण्याचें रोजचें कारण बाजारानें दिलें आणि रोजचें साधन ट्राम व बस यांनीं दिलें, हें सांगावयाचें राहून जातें.

ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्यापूर्वीं अवघे आठ दिवस, मुंबईची ट्राम, बस व वीज हीं खासगी कंपनीकडून म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत आलीं. ता. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी निघाली. ह्या दोन तारखांमध्यें दहा महिन्यांचें अंतर नाहीं. माणसांची वाहतूक हा केवळ धंदा नसून रस्ता व पाणी यांसारखी सार्वजनिक सोय आहे, हें तत्त्व त्या दहा महिन्यांत शहरानें व सरकारनें मान्य केलें असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें मोटारींच्या गर्दींत ट्रामला रस्ता उरला नाहीं. ता. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धांवली. नव्वद वर्षांच्या सोबतीनंतर तिला निरोप देण्यास रस्त्याच्या दुतर्फा माणसें उभीं होतीं.

आतां मेडशीच्या रस्त्यावर येऊं. वऱ्हाड त्या काळीं मध्यप्रांतास जोडलेलें असल्यानें मुंबई राज्याची एस्. टी. तेथें लगेच पोंचली नाहीं. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेनें विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६१ सालीं मुंबई राज्य, मराठवाडा व विदर्भ येथील तिन्ही सरकारी वाहतूकसंस्था मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ बनलें. मुंबईकराच्या दाराशीं पहिली ट्राम आल्यापासून वऱ्हाडच्या खेड्यास एस्. टी. महामंडळाची गाडी मिळेपर्यंत मध्यें सत्त्याऐंशी वर्षें गेलीं. वर आम्हीं म्हटलें कीं कापसाची वाट आधीं झाली व माणसाची मागाहून, तें ह्या हिशेबानें.

रेल्वे नसलेल्या गांवास एस्. टी. म्हणजे ट्राम, लोकल आणि बस हीं तिन्ही एकत्र. मालेगांवची तालुक्याची पेठ, वाशीम व अकोला येथील मोठे बाजार, अकोल्याचे वैद्य व वकील, लग्नाचा बस्ता, बी-बियाण्यांचें दुकान, ह्या साऱ्यांची वाट तीच. आणि ही वाट एकतर्फी नाहीं. शहरांतला उतारू बहुधा विकत घेण्यास जातो. खेड्यांतला उतारू विकण्यासहि जातो. मेथीच्या जुड्या, वांग्यांची पाटी, अंड्यांची टोपली घेऊन गाडींत चढणारी बाई त्या गाडींत आपलें दुकानच घेऊन बसलेली असते. गाडी चुकली तर तिचें केवळ जाणें चुकत नाहीं. त्या दिवसाची मिळकत जाते, व संध्याकाळपर्यंत भाजी सुकून जाते ती वेगळीच. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जशी जवळ येते तसा तिचा भावहि उतरतो, हें बाजारांत मुरलेल्या गिऱ्हाइकास पुरतें ठाऊक असतें. म्हणजे खेड्यांतील मालाचा भाव ठरविण्यांत गाडीच्या वेळापत्रकाचा हात असतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मागणी व पुरवठा यांचें विवेचन असतें. शेवटच्या गाडीचें प्रकरण त्यांत असावयास पाहिजे होतें.

ही वाट बंद पडली म्हणजे काय होतें, तें १९२१ च्या नव्हे, आपल्याच डोळ्यांसमोरच्या २०२१ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रानें पाहिलें. एस्. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो पुढील एप्रिलपर्यंत चालला. त्यांच्या मागण्यांचा न्यायान्याय हा येथें विषय नाहीं. वेतनाची हलाखी होती, हें कोणी नाकारणार नाहीं. पण त्या महिन्यांत खेड्यांतील मनुष्य पुन्हां एकदां १८७४ पूर्वींच्या मुंबईंत जाऊन पडला. ज्याच्या घरीं मोटारसायकल होती तो तालुक्यास गेला. ज्याच्या घरीं नव्हती त्यानें खासगी गाडीवाल्यास तो मागेल तें भाडें दिलें, किंवा तो घरींच राहिला. ठरलेलें भाडें नाहींसें होतांच बाजार पुन्हां सधनांचा झाला. उलटपक्षीं, ता. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी. त स्त्रियांस अर्ध्या भाड्यानें प्रवास करतां येऊं लागला. ह्या सवलतीचा बोजा कोणीं सोसावा हा वाद राहील. परंतु भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईच्या दृष्टीनें तिचा अर्थ एवढाच कीं, तिच्या नफ्यांतून भाड्यापायीं जो वांटा कापला जात होता तो निम्मा झाला.

भाड्याचा हा मुद्दा शहरांतहि तितकाच खरा आहे. १८७४ सालीं तीन आण्यांचे दोन आणे झाले. २०१९ च्या जुलैंत बेस्टनें किमान भाडें उतरवून पांच रुपयांवर आणलें, आणि सोडून गेलेले उतारू परत फिरले. पुढें ता. ९ मे २०२५ रोजीं तेंच भाडें दुप्पट, म्हणजे दहा रुपये झालें. घोड्यांच्या ट्रामची पहिली फेरी ९ मे रोजींच झाली होती, हें तिथीचें साम्य इतिहासाच्या अभ्यासकास खटकल्यावांचून राहत नाहीं. खर्च वाढतो, तोटा होतो, व तो कोठून तरी भरून काढावाच लागतो, हें आम्ही जाणतों. परंतु रस्ता बांधतांना तो नफ्यांत चालेल काय असें आपण विचारीत नाहीं. मग त्याच रस्त्यावरून गरिबास नेणाऱ्या गाडीलाच तो प्रश्न कां विचारावा, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबईची भुयारी मेट्रो आरे येथून थेट कफ परेडपर्यंत पुरी झाली. तिच्या स्थानकांत एक काळबादेवी आहे. ज्या रस्त्यावरून दीडशें वर्षांपूर्वीं घोडे ट्राम ओढीत होते, त्याच पेठेच्या पोटांतून आतां विजेची गाडी जाते. वाहनें बदललीं; बाजार मात्र तेथल्या तेथें राहिला आणि नव्या वाहनास त्याच्याकडेच वळावें लागलें. गाड्यांपेक्षां पेठा दीर्घायुषी असतात.

कोणी म्हणेल, आतां ह्या साऱ्याची गरज काय? भ्रमणध्वनीवर मागणी नोंदविली कीं कापड, भांडीं, औषधें, फार काय भाजीसुद्धां घरपोंच येते. हें खरें आहे, आणि त्यांत नवें असें फारसें कांहीं नाहीं. गिऱ्हाइकानें जागीं बसावें व बाजारानें फिरावें, हा तर आठवडी बाजाराचाच जुना करार. फरक एवढाच कीं त्या बाजारांत विकत घेणारा आणि विकणारा समोरासमोर येत असत, व दोघेहि बहुधा एकाच पंचक्रोशींतले असत. नव्या घरपोंच बाजारांत वांग्यांची पाटी घेऊन बसणारीस जागा नाहीं. तिला शहराच्या तोंडापर्यंत स्वतःच्या पाटीसह गेलेंच पाहिजे, आणि त्यासाठीं तिच्या गांवाच्या फाट्यावर गाडी थांबलीच पाहिजे.

दोन्ही स्थळांच्या ह्या इतिहासांतून जें तात्पर्य निघतें तें थोडक्यांत असें. बाजार सर्वांसाठीं खुला असतो असें म्हणतात. पण तो खुला असतो तेथपर्यंत पोंचणाऱ्यांसाठीं. पोंचण्याचा हक्क तीन गोष्टींवर अवलंबून आहे: गाडीची वेळ ठरलेली पाहिजे, भाडें ठरलेलें पाहिजे, आणि चढणारास 'तूं कोण' असें कोणी विचारतां कामा नये. मुंबईस ह्या तीन गोष्टी १८७४ पासून क्रमाक्रमानें मिळत गेल्या. मेडशीस त्या जवळजवळ शतकानें मिळाल्या. जें इतक्या उशिरां मिळालें तें जपण्यास आपण तितकाच उशीर लावूं नये.